ह्यांच्या गाडीतली मॅकरोनी

दोन घास खाणारा माणूस बारीक व्हायला हवा. आमचे हे होत नव्हते. दिवाळीनंतर ह्यांचं जेवण एकदम उतरलं. एक पोळी, आमटीचे दोन भुरके, की लगेच "पुरे गं, पोट भरलं" म्हणून ताट बाजूला. आधी मी घाबरलेच. सत्तरी ओलांडलेला निवृत्त प्रोफेसर, आणि इथे परदेशात, रेजिनात, डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायची तीन आठवड्यांनी. तोवर मनात काय काय येऊन गेलं. डॉक्टरने सगळं तपासलं आणि म्हणाला, "एव्हरीथिंग लुक्स फाइन." वजन किलोभरसुद्धा घटलं नव्हतं. पँटचा पट्टा होता त्याच भोकात. तिथे माझी काळजी संपली आणि संशय सुरू झाला.

मला भीती कशाची होती ते सरळच सांगते. माझ्या हातचं ह्यांना नकोसं झालं असेल, ही. मुलगी दूर नॉर्थ यॉर्कला, तिच्या संसारात. माझी नोकरी संपून दहा वर्षं झाली. आता मी फुशारकी मारावी अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे स्वयंपाक. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला साठ माणसांची आमटी मी एकटी करते आणि चाखून बघत नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला लावायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त. मीठ हाताच्या अंदाजाने. लोक पातेलं निपटून नेतात.

ह्यांना विचारून उपयोग नव्हता. ह्यांच्या घरची शिस्त वेगळी. पानात पडेल ते खायचं, नावं ठेवायची नाहीत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझी खिचडी करपली होती. ती ह्यांनी मुकाट्याने संपवली आणि वर "छान झाली" म्हणाले. असल्या साक्षीदाराची उलटतपासणी काय घेणार?

म्हणून मी पाळत ठेवली. बाहेर उणे पंचवीस असताना ह्यांना गाडी काढून बाहेर पडायचा उत्साह यायला लागला होता. मंगळवारी लायब्ररी, शुक्रवारी कुणातरी ओळखीच्यांच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करायला हेल्प. जेवायच्या आधी दीड तास. परत आले की गालावर तकाकी आणि भूक नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

एका शनिवारी गाडीत हातमोजे शोधताना सीटखाली कागदी डबा सापडला. आत नारिंगी रंगाचं काहीतरी वाळून चिकटलेलं, आणि एक प्लास्टिकचा काटा. नाकाशी नेऊन पाहिला, वास कसलाच नाही. ज्या अन्नाला वास नाही ते अन्न मला जास्तच संशयास्पद वाटतं. झाकणावर आमच्या कोपऱ्यावरच्या ग्रोसरी स्टोअरचा स्टिकर होता: मॅकरोनी अँड चीज, डेली काउंटर, म्हणजे तयार खाणं विकतात तिथलं.

मॅकरोनी! घरात तूप लावलेली गरम पोळी ठेवून हा माणूस गाडीत बसून काट्याने मॅकरोनी खात होता. एखादी बाई सापडली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. मला इतका अपमान वाटला की मी तो डबा होता तिथे परत ठेवून दिला.

सोमवारी मी स्वतःच डेलीवर गेले. काचेमागे एकीकडे हॅमचे गुलाबी लोळे, दुसरीकडे भाजलेल्या कोंबड्या, आणि मधे स्टीलच्या ट्रेमध्ये ती. वरचा थर तांबूस, खालून पिवळंजर्द. इतकं पिवळं करायला मला दोन चमचे हळद लागली असती. ट्रेमध्ये खुपसलेला डाव शेजारच्या मांसाच्या ट्रेत जाऊन आला असेल का, हे मी बराच वेळ न्याहाळत उभी राहिले. चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, म्हणून पंचवीस वर्षं मी पाकिटं वाचून मगच घेते. काउंटरवरच्या बाईला मी सगळं विचारलं. बेकन आहे का? जिलेटिन? रेनेट कुठलं? डाव वेगळा असतो का?

ती हसायलाच लागली. "देअर इज अ जंटलमन, ही आस्क्स मी द सेम थिंग्ज. एव्हरी ट्यूसडे. ग्रे मफलर."

तो मफलर मी विणलेला. म्हणजे चोरी करत होते ती सोवळं पाळून! क्षणभर मला बरं वाटलं, मग आणखीच राग आला. मी एक डबा घेतला आणि बाईकडून घटकांचा पूर्ण स्टिकर छापून घेतला.

संध्याकाळी ह्यांच्या ताटात मी पोळी, भाजी वाढली, वाटीत आमटी वाढली आणि मधोमध ती मॅकरोनी. ह्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला उगाच सरकवला.

"खा की," मी म्हटलं. "गाडीत थंड होत असेल. इथे गरम आहे."

"अगं, कधीतरी चेंज म्हणून..."

"मंगळवार, शुक्रवार. मला सगळं माहीत आहे."

मग मीही एक चमचा तोंडात घातला. कशासाठी मला सोडलंय ते तर कळू दे. मऊ, चिकट, कणकेच्या खळीसारखं काहीतरी जिभेवर पसरलं आणि चव म्हणून काही आलीच नाही. दुसरा चमचा घेतला. तेच.

"ह्याच्यासाठी?" माझा आवाज चढला. "अहो, ही साफ अळणी आहे! मिठाचा कणसुद्धा नाही ह्यात!"

ह्यांनी स्वतः एक चमचा खाऊन पाहिला. नंतर हळूच म्हणाले, "मीठ आहे गं त्यात. जरा जास्तच आहे, खरं तर."

हे मला खोटं पाडतात म्हणजे काय? मी भिंग आणलं, स्टिकर उलगडला आणि रेनेट सोडून पहिल्यांदाच सोडियमची ओळ वाचली. एका डब्यात दिवसभराच्या मिठाचा निम्म्याहून जास्त वाटा. मी ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा एक चमचा खाल्ला, डोळे मिटून. काही नाही.

दिवाळीच्या तोंडावर मला सर्दी-ताप येऊन गेला होता. तेव्हापासून जेवण मिळमिळीत लागत होतं. मी दोष दिला होता मिठाच्या नव्या पाकिटाला. इथले लोक मिठातही भेसळ करतात अशी माझी खात्रीच पटली होती, आणि रोज आमटीत मी अर्धा चमचा जास्त घालत होते. कधी एक.

"आमटी प्या," मी म्हटलं.

ह्यांनी वाटी उचलली, एक घोट घेतला आणि गिळला. चेहरा हलू दिला नाही. मग पेलाभर पाणी प्यायले.

"कशी झाली आहे?"

"छान झाली आहे."

"खरं सांगा."

ह्यांनी वाटी ताटाबाहेर काढून ठेवली. "तोंडात धरवत नाही गं," हे म्हणाले. "दिवाळीपासून. तुला वाईट वाटेल म्हणून..."

मला रडू आलं ते त्या आमटीसाठी नव्हे. चार महिने हा माणूस थंडीत गाडीत बसून जेवत होता आणि मी पाकिटं वाचत बसले होते.

दुसऱ्या दिवशी आमटी उकळायला लागल्यावर मी ह्यांना हाक मारली आणि मिठाची बरणी ह्यांच्या हातात दिली. नैवेद्याच्या आधी चाखायचं म्हणून हे कचरले. देवाला मी सांगेन, म्हटलं. ह्यांनी चिमूटभर घातलं, पळीने चाखलं, आणखी चिमूटभर घातलं. इतकंसंच? मला वाटलं, हे काहीतरी चुकताहेत. पण बरणी परत मागितली नाही.

त्या रात्री ह्यांनी तीनदा आमटी मागून घेतली आणि वाटी बोटाने पुसून खाल्ली. मला ती कोमट पाण्यासारखी लागली. मी तव्यावर आणखी एक पोळी टाकली.