पट्टीखालचा उजेड

दार आत आलं तेव्हा गुण्याच्या मनात आलं, बिजागऱ्या चांगल्या असणार, नाहीतर इतकं सावकाश उघडलं नसतं.

सावकाश वगैरे काही नव्हतं. चौकात सिग्नल हिरवा होता. मेहुणा गाडी चालवत होता, गुण्या त्याच्या शेजारी बसला होता, आणि डावीकडच्या रस्त्याने एक मालाची गाडी सिग्नल तोडून थेट गुण्याच्या बाजूच्या दारावर आली. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलं. गुण्याच्या आठवणीत मात्र ते अजून चालूच होतं. वाऱ्याने पडदा फुगावा तसा दाराचा पत्रा आत फुगला. काचेचे दाणे हवेत थांबले, उन्हात लुकलुकले, आणि कुणी मूठ सैल सोडावी तसे मांडीवर पडले. आवाज कसलाच आला नाही. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरांना दारं बसवली होती. हे एक दार आपणहून त्याच्याकडे आलं.

मेहुण्याला खरचटलंही नाही. "नशिबाने वाचलो," असं तो सांगत फिरे. गुण्याची बायको म्हणे, "नशिबाने नाही भाऊराया, माझ्या नवऱ्याने. मधे ते होते."

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. ते नाव त्याला शिकाऊ असताना पडलं आणि खऱ्या नावाच्या वर चढून बसलं. चौकट बसवली की तो तीनदा गुण्या लावून बघायचा. दुसऱ्याने बसवलेली असेल तर चारदा. घरमालक कंटाळून म्हणत, "झालं की हो." तो म्हणे, "तुमचं झालं. चौकटीचं नाही."

डाव्या खांद्याचं मोडलेलं हाड तीन महिन्यांत जुळलं. हात वर जाऊ लागला, शर्टाची बटणं लावू लागला. फक्त दाब देईना. आणि रंधा मारताना डाव्या हाताचं काम दाबाचंच असतं. उजवा हात ढकलतो, डावा रंध्याचं नाक फळीवर दाबून धरतो. फळीच्या सुरुवातीला सगळा भार डाव्यावर. तो तिथे ढिला पडला की रंधा मागे झुकतो आणि फळीचं टोक जास्त खातो. हे सांगायला चार ओळी पुरतात. हातात यायला त्याला सहा वर्षं लागली होती.

दुपारी औषधाच्या गुंगीत तो पडून राही आणि रंधा मारी. स्वप्नातल्या फळीला शेवट नसे. लाकडाची साल न तुटता निघत जाई, पलंगाखालून, खिडकीतून, समोरच्या छपरांवरून, पिवळी, पातळ, तिच्यातून आभाळ दिसे. तिचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते मात्र कधी दिसलं नाही. जाग आली की डावा हात उशीखाली मुंग्या येऊन पडलेला असे.

मालाच्या गाडीच्या विमा कंपनीने चालकाची चूक मान्य केली होती. भांडण राहिलं होतं ते खांद्याचं. कंपनी म्हणे, हाड जुळलं, माणूस कामाला जाऊ शकतो. गुण्याच्या बाजूने एक वकीलबाई होत्या, त्याच्या लेकीच्या वयाच्या, बोलायला फटकळ. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काका, हा हात सुतारकामाचा राहिला नाही एवढंच आपल्याला सिद्ध करायचंय. झालं तर दर महिन्याला ठरावीक रक्कम मिळेल. नाही झालं तर याच हाताने पुन्हा दारं उचला."

मग कंपनीने त्याला आपल्या डॉक्टरकडे तपासायला पाठवलं.

तपासणीच्या खोलीचं दार फरशीला घासत होतं. डॉक्टर आत येताना घासलं, नर्स बाहेर जाताना घासलं. फरशीवर दाराने अर्धचंद्र कोरला होता. गुण्या त्या चंद्राकडे बघत राहिला. डॉक्टर काहीतरी विचारत होते, हात वर करा, बाजूला करा. तो करत होता, पण त्याचं लक्ष वरच्या बिजागरीवर होतं. दोन स्क्रू ढिले. खालच्या बिजागरीखाली पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवली की काम फत्ते. डॉक्टर फोन घ्यायला वळले आणि गुण्या उठला. औषधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, दार मुठीला धरून दोन्ही हातांनी उचललं, डावा खांदा खाली लावला, पट्टी सरकवली, खिशातल्या नाण्याने स्क्रू पिळले. दार बोटाने ढकललं. पाण्यावरची होडी किनाऱ्याला लागावी तसं ते चौकटीत जाऊन बसलं.

मागे वळून बघतो तर डॉक्टर लिहीत होते.

पुढचे तीन दिवस त्याला शर्टात हात घालता आला नाही. बायको बाही धरून उभी राहायची आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"तुम्हाला तिथे दुखणं दाखवायला पाठवलं होतं की दार दुरुस्त करायला?"

"घासत होतं गं."

"घासू दे ना! त्यांचं दार, त्यांची फरशी. आपलं काय घासत होतं?"

"कानाला त्रास होत होता."

"आणि आता खांद्याला होतोय. घाला हात. हळू."

वकीलबाईंनी डॉक्टरांचा कागद वाचला, चष्मा काढला आणि टेबलावर कपाळ टेकवलं. "काका," त्या तशाच खालून बोलल्या, "निदान कण्हायचं तरी होतं."

"काम करताना कोण कण्हतं?" गुण्या म्हणाला.

सुनावणीची खोली वर्गाएवढी होती, एका बाजूला तीन उंच खिडक्या. निवाडा करणारे साहेब वयस्कर, हळू बोलणारे. कंपनीच्या वकिलांनी डॉक्टरांचा कागद खणखणीत आवाजात वाचला.

"दार उचललंत हे खरं?" साहेबांनी विचारलं.

"खरं."

"का उचललंत?"

"घासत होतं."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब गंभीर होते. "मग आता नीट लागतं का ते?"

"त्याचा इथे संबंध नाही," कंपनीचे वकील म्हणाले.

"आता नीट लागत असेल," गुण्या म्हणाला. "पुठ्ठा दबला की पुन्हा घासेल. सहा महिने टिकेल."

वकीलबाई उठल्या. "साहेब, एकदा दार उचललं म्हणजे धंदा होत नाही. त्यांना त्यांचं काम करू द्या, इथे, सगळ्यांसमोर. आणि मग बघा."

साहेबांनी पुढची तारीख दिली.

त्या तारखेला गुण्या हातभर फळी, रंधा, शिकंजा आणि सपाटी तपासायची आपली पट्टी घेऊन गेला. पट्टी लाकडाची, त्यानेच वीस वर्षांपूर्वी केलेली, घामाने काळी पडलेली. कोपऱ्यातल्या टेबलावर गोणपाट टाकून त्याने फळी आवळली. रंध्याचं पातं अंगठ्याने बघितलं. पाय रोवले.

पहिला हात मारला आणि खोली नाहीशी झाली. खिडकीतलं ऊन फळीवर पडलं होतं. साल वर आली, वळली, हवेत क्षणभर तरंगली, काचेच्या त्या दाण्यांसारखी. दुसरा हात. तिसरा. लाकडाचा गोडसर वास पसरला. खांद्यात ठिणगी पडत होती, पण ती दूर, दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यात. स्वप्नातली फळी हीच, असं त्याला वाटलं. मग बाराव्या हाताला ती संपली, कारण खऱ्या फळीला शेवट असतो.

कंपनीचे वकील जवळ आले. त्यांनी फळीवरून बोट फिरवलं. "वा," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "आरसा आहे, आरसा! साहेब, या हाताला अधू म्हणायचं?"

साहेबांनीही हात फिरवला आणि मान डोलावली. मागच्या बाकावर बायको बसली होती. नको तिथे तिचा चेहरा खुलला होता. आठ महिन्यांत गुण्याच्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. एवढंच ऐकून घरी जावं असं त्याला वाटलं. पट्टी पिशवीतच होती. ती बाहेर काढा असं कुणी म्हणत नव्हतं. वकीलबाईसुद्धा नाही. त्यांना काही दिसलंच नव्हतं.

त्याने ती काढली. फळी शिकंज्यातून सोडवली, पट्टी तिच्यावर उभी धरली आणि दोन्ही खिडकीसमोर उचललं.

"साहेब, जरा वाका. डोळा इथे आणा."

साहेब वाकले.

"पट्टीखाली काय दिसतं?"

"उजेड." साहेबांनी एक डोळा मिटला. "या टोकाला. केसाएवढा."

"तो दिसायला नको. दाराची चौकट एवढ्यावर वाकडी होते. फळी चुकली नाही, हात चुकला. सुरुवातीला दाबच लागत नाही." हे बोलताना त्याचा आवाज खाली गेला. चाळीस वर्षांत आपलं काम वाईट आहे हे त्याने पहिल्यांदाच कुणाला दाखवलं होतं, आणि तेही वाकायला लावून.

"मुद्दाम केलं असेल," कंपनीचे वकील म्हणाले.

गुण्याने त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "मुद्दाम बिघडवायचं असतं तर तुम्हाला दिसेल इतकं बिघडवलं असतं."

साहेबांनी टेबलावरून एक साल उचलली. ती सुरुवातीला जाड होती, पुढे विरत गेली होती. त्यांनी ती उन्हात धरली, बराच वेळ बघितली, आणि कुणाला काही न विचारता कागदांच्या गठ्ठ्यात ठेवली.

पंधरा दिवसांनी निकाल आला. दावा मंजूर. वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवला: डावा हात सुतारकामास कायमचा असमर्थ. "जिंकलो, काका!" त्या ओरडल्या. गुण्या म्हणाला, "हो." मग म्हणाला, "उपकार झाले, बाई." त्याने फोन ठेवला आणि बराच वेळ डाव्या हाताचा तळवा बघत बसला. तळव्यावरचे घट्टे मऊ पडत चालले होते.

ती फळी त्याने घरी आणली होती. बायकोला तिची मांडणी करायची होती.

"वाकडी आहे," तो म्हणाला.

"बरण्या काय पट्टी लावून बघणार आहेत?"

सकाळी तिने त्याला खिडकीशी बघितलं. फळी कट्ट्यावर, फळीवर पट्टी, आणि तो एक डोळा मिटून वाकलेला. पट्टीखालून उन्हाची बारीक रेघ येऊन त्याच्या गालावर पडली होती.

"किती झालं?" तिने विचारलं.

"तेवढंच आहे."

ती शेजारी येऊन वाकली. तिला काही दिसेना. त्याने तिच्या डोक्याला हात लावून ते थोडं डावीकडे केलं.

"अगंबाई," ती म्हणाली.

दोघं तसेच वाकून राहिले, रेघ सरकेपर्यंत. मग गुण्याने पट्टी पुसली, पिशवीत ठेवली, आणि मांडणीचे खिळे उजव्या हाताने ठोकायला घेतले. डाव्या हाताने खिळा धरायचा एवढंच काम होतं. ते त्याला जमत होतं.