मेंढरापुढं थांबलेली गाडी

जुना गाड्यांच्या शर्यतीचा गेम नव्या लॅपटॉपवर सुरू झाला खरा, पण गाडी अशी सुसाट सुटली की रस्ताच दिसेना. मग जुन्या गेमचा वेग आवरणारं एक सॉफ्टवेअर टाकलं, वेग उतरवत उतरवत आणला, आणि एकदम तो ओळखीचा भोंगा वाजला. पीं-पीं!

त्या आवाजासरशी मी लहानपणीच्या पडेगावच्या घरात पोचले. घरातला पहिलाच कॉम्प्युटर, मॉनिटरला दसऱ्याच्या पूजेचा सुकलेला झेंडू, आणि खुर्चीवर मांडी घालून गाडी चालवणारी आई. तिचं माहेर मेंढपाळांचं. रस्त्यात एक मेंढरू आडवं आलं, तशी तिनं गाडी थांबवली.

"आई, पळव ना! हरशील!"

"थांब गं. एक मेंढरू दिसलं म्हंजी मागं कळप असतोच."

कळप काही आला नाही. आई हरली, पण हसत उठली. मी मात्र लई चिडले.

आज आईला हाक मारून लॅपटॉपसमोर बसवलं. मेंढरू आलं. गाडी थांबली. बाकीच्या गाड्या भुर्रकन पुढं निघून गेल्या. तिच्या शेजारी बसून मीही कळपाची वाट बघू लागले.