पडवीतलं घड्याळ

तलावावर बरंच आत आल्यावर गुड्नी थांबली. मागे चर्चचं टोक तेवढं दिसत होतं. पुढे नुसता गोठलेला विनिपेग तलाव आणि त्यातून मासेमारांच्या गाड्यांनी पाडलेली वाट. तिनं हातमोजा दातांत धरून ओढला, बाही वर सारली आणि मनगटावरच्या घड्याळाला विचारलं, "बोल बाबा, आता काय हवंय तुला? माझी किडनी?"

घड्याळावर जानेवारीपासून दिसत होतं तेच वाक्य होतं. अपडेट बसवता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करा.

"पुन्हा प्रयत्न करा म्हणे," ती मला म्हणाली. "एवढ्या प्रयत्नात मी पास्टर झाले असते."

"अगं, हात आत घाल. बोटं झडतील."

"झडू देत. बटणं दाबून दाबून तशीही झिजलीत."

रविवारची प्रार्थना आटोपली की आम्ही दोघी तलावावर चालायला जात असू, वारा अगदीच उलटा नसेल तर. गुड्नी हॉलसन ऐंशीला टेकली होती, पण चालताना मलाच मागे टाकायची. नवऱ्याचे जुने फर लावलेले बूट, डोक्यावर स्वतः विणलेली टोपी, आणि तोंड सतत चालू. त्या दिवशी मात्र ती मधूनमधून गप्प होत होती. कारण मला ठाऊक होतं. शुक्रवारी ग्लेन येणार होता.

ग्लेन तिचा एकुलता मुलगा. राहायला कॅलगरीला, म्हणजे दोन प्रांत पलीकडे. शरद ऋतूत गुड्नी लाकडांच्या ढिगापाशी घसरली, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि टपाल घेऊन येणारा आला तोवर तिथेच पडून राहिली. ग्लेन विमानानं आला तो घर विकायचं ठरवूनच. मायलेकांची जुंपली. शेवटी तडजोड झाली: आईनं हे घड्याळ मनगटावर बांधायचं, रात्री बाजूला ठेवलं तर चार्जरवर ठेवायचं. बाई पडली की घड्याळ ओळखतं आणि ग्लेनला फोन लावतं. घड्याळ चालू, तोवर घर गुड्नीचं.

आणि आता ते घड्याळच हटून बसलं होतं. कंपनीनं कळवलं होतं की नवं अपडेट घातलं नाही तर महिनाअखेरीपासून पडल्याची सूचना जाणार नाही. ग्लेननं फोनवर स्पष्ट सांगितलं, "मॉम, शुक्रवारी मी येतो. तोवर झालं तर मी तोंड उघडणार नाही. नाही झालं तर आपण वृद्धाश्रमातली ती खोली बघायला जायचं. चांगली आहे. खिडकीतून तलाव दिसतो."

"तलाव बघायला मला खिडकी कधीपासून लागायला लागली?" असं म्हणून तिनं फोन ठेवला होता.

तिनं करायचं ते सगळं केलं होतं. घड्याळ बंद करून चालू केलं. जागा कमी पडते म्हणून आतले फोटो पुसले. वायफायचा डबा बैठकीतून उचलून स्वयंपाकघरात आणला. बसनं विनिपेगला जाऊन दुकानात दाखवलं. तिथल्या माणसानं उलटसुलट करून पाहिलं आणि घड्याळ ठणठणीत आहे म्हणून परत दिलं. मदतीच्या फोनवरची बाई म्हणाली, बॅटरी निम्म्याच्या वर हवी आणि घड्याळ चार्जरवर हवं. गुड्नी म्हणाली, रात्रभर चार्जरवरच असतं की. मग चार्जर बिघडला असेल म्हणून ग्लेननं नवा पाठवला. तरी सकाळी पाहावं तर बॅटरी कशीबशी पाव.

"आणि हा शहाणा मला काय म्हणतो, माहितेय?" वाटेवरचा बर्फाचा खडा लाथाडत ती म्हणाली. "म्हणतो, मॉम, तू घड्याळ चार्जरवर ठेवायला विसरतेस आणि ठेवलं असं तुला वाटतं. होतं असं या वयात. वर आवाज कसा, मध घातलेला! त्यापेक्षा ओरडला असता तर बरं."

तिला लागलं होतं ते हेच. घर गेलं असतं तर तिनं भांडून घेतलं असतं. पण 'विसरतेस' या शब्दाशी भांडायचं कसं? भांडणारी बाई विसरभोळी ठरली की तिचं भांडणही आजारात जमा होतं.

आणि भांडण हे तर गुड्नीचं आयुष्यभराचं भांडवल. तिचा नवरा वाल्डी हिवाळ्यात बर्फाखाली जाळी लावायचा. पुढे त्याची पाठ गेली, तेव्हा ही बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी घेऊन स्वतः निघाली. धक्क्यावरचे पुरुष म्हणाले, बाई जाळ्याला लागली की अपशकुन होतो. ही म्हणाली, "मग तुमची जाळी लांब लावा. माझा अपशकुन मी एकटी पुरवून खाईन." वाल्डी गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यापर्यंत तिनं जाळी ओढली. अजून बंदरावरची माणसं तिला पाहून टोपीला हात लावतात, आणि ती पुढे गेली की हसतात. दोन्हीचा तिला अभिमान.

वाल्डीची जाळी लावायची जुनी जागा आली तसा मला त्या सपाट पांढऱ्या बर्फाचा फोटो घ्यावासा वाटला. फोन बाहेर काढला, तर तो मेलेला. घरून निघताना चांगला भरलेला होता.

"कुठे ठेवला होतास?" गुड्नीनं विचारलं.

"कोटाच्या वरच्या खिशात."

"वरच्या खिशात! शालन, किती हिवाळे काढलेस गं इथे? बॅटरी कधी थंडीत ठेवतात का? आत, अंगाशी ठेवायचा." ती माझ्यावर तुटूनच पडली. "आमच्या गाडीची बॅटरी वाल्डी रोज संध्याकाळी काढून घरात आणायचा. चुलीशेजारी तिची जागा. ग्लेन रांगायचा तेव्हा एकदा त्याला कुडकुडताना बाजूला सरकवलं होतं, पण बॅटरीला नाही. थंडीत ठेवलीस तर तिच्यात काही भरत नाही. कितीही ओत, ती घेतच..."

तिचं वाक्य तिथेच राहिलं. तोंडातून वाफ तेवढी निघत होती.

"काय झालं?"

"देवा रे," ती हळूच म्हणाली. "पडवी."

"कुठली पडवी?"

"माझी पडवी गं! मी घड्याळ रात्री पडवीत ठेवते."

आमच्याकडे घराच्या पुढच्या पडवीला ऊब नसते. हिवाळ्यात ती साऱ्या गावाची शीतपेटी असते. मासे तिथे, पावाच्या लाद्या तिथे, सूपाचं पातेलं तिथेच झाकून ठेवलेलं. सकाळी सूप सुरीनं कापावं लागतं. त्या मासळीशेजारी, लांब वायर ओढून, ही बाई रोज रात्री घड्याळ चार्जरला लावत होती. आणि घड्याळ गारठून बसत होतं.

मी हसायला लागले. ती हसली नाही. वळून गावाकडे चालू लागली, मघापेक्षा भरभर.

"पण पडवीत का?" मी मागून विचारलं. "झोपायच्या खोलीत का नाही?"

मग तिनं सांगितलं. मला ती असलं काही सहज सांगत नसे.

सुरुवातीला ती घड्याळ बांधूनच झोपायची. रोज झोपण्याआधी पलंगाशेजारी गुडघे टेकून प्रार्थना करायची तिची लहानपणापासूनची सवय. आता गुडघे हळूहळू वाकत नाहीत, त्यामुळे पलंगाची कड धरून ती धप्पकन खाली बसते. घड्याळाला वाटलं, म्हातारी पडली. मनगटावर टकटक करून त्यानं विचारलं असेलही, पण हिचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि मन दुसरीकडेच. फोन थेट कॅलगरीला.

"मॉम! पडलीस? बोल काहीतरी!" घड्याळातून ग्लेन ओरडला.

"प्रार्थना करतेय."

"जमिनीवर? या वयात गुडघे कोण टेकतं, मॉम? झोपून कर की."

"तुझंच नाव घेत होते रे," ती म्हणाली होती. त्याला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिनं घड्याळ घरातल्या सगळ्यांत लांबच्या जागी नेऊन ठेवलं.

"मी काय केलं, काय नाही, ते घड्याळ ग्लेनला सांगू देत," ती म्हणाली. "नाडी मोजू देत, पावलं मोजू देत. पण मी देवाशी बोलत असताना मध्ये कुणी कडमडायचं नाही. ग्लेननं नाही, त्या घड्याळानं तर नाहीच."

माझ्या देव्हाऱ्यासमोर मी बसते तेव्हा मलाही हाक मारलेली खपत नाही.

घरी आल्यावर तिनं कोटसुद्धा काढला नाही. पडवीतला चार्जर उपटून आत आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साखरेच्या डब्याशेजारी लावला. घड्याळ पुसलं, चार्जरवर ठेवलं. मी म्हटलं, चुलीजवळ धरूया का थोडं, लवकर तापेल.

"कशाला, तळायचंय का? बस गपचूप."

मग आम्ही बसलो. तिनं कॉफी ओतली, आलुबुखाराच्या थरांचा विनार्टेर्टा केक कापला आणि साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पीत घड्याळावर नजर ठेवून बसली. बर्फाला भोक पाडून मासा गळाला लागायची वाट पाहावी तशी. बॅटरी हळूहळू चढत होती. निम्म्याच्या वर गेली, तसं तिनं बोटानं 'बसवा' दाबलं. पडद्यावर बारीक गोल फिरू लागला. गेले कित्येक दिवस तो इथपर्यंतही आला नव्हता.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. ग्लेन.

"मॉम, घड्याळ बंद दाखवतंय. काढून ठेवलंस का?"

"अपडेट होतंय."

"खरंच? काय केलंस?"

"घरात आणलं. पडवीत ठेवत होते, गारठत होतं. चूक माझी. पण विसरले नव्हते, ग्लेन. मुद्दाम ठेवत होते. हे नीट लिहून घे."

"पडवीत? उणे तीसमध्ये? का, मॉम?"

"का ते तुला माहितेय."

त्याला माहीत होतं. फोनचा आवाज मोठा ठेवायची तिची सवय, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं. तो नरमला. "मॉम, पलंगावर बसून कर ना प्रार्थना. देव काय हजेरी घेतो?"

"देव नाही घेत. तू घेतोस."

"मला काळजी वाटते म्हणून. तू लाकडांपाशी पडली होतीस तेव्हा मी इकडे सिनेमा बघत बसलो होतो, ठाऊक आहे तुला? ते माझ्या डोक्यातून जात नाही."

गुड्नीनं फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली.

"ते मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"आता सांगतोय. आणि पुन्हा रात्री घड्याळाचा फोन आला तर मी काही विचारणार नाही, थेट अ‍ॅम्ब्युलन्स पाठवीन."

"पाठव. त्यांनाही गुडघे टेकायला लावीन."

तो हसला. मनात नसताना हसला, पण हसला. "शुक्रवारी येऊ ना?"

"ये की. पिकरेल मासे तळते. खोली बघायला मात्र जायचं नाही. जायचंच असेल तर तू तुझ्यासाठी बघून ठेव, तुझंही वय होतंय."

फोन ठेवून ती परत टेबलाशी आली, तेव्हा घड्याळ पुन्हा चालू झालं होतं. नवा चेहरा, मोठे आकडे, आणि ते वाक्य गेलेलं. तिनं छातीवर हात ठेवून डोळे मिटले, ओठ हलले. मग लगेच डोळे उघडून म्हणाली, "तुझा चष्मा दे. माझ्या चष्म्यातून बारीक दिसत नाही."

माझा चष्मा लावून तिनं स्वतःच्या फोनमध्ये घड्याळाची पानं शोधली. इकडे जा, तिकडे जा, मागे ये. मी मदतीला हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. शेवटी, पडल्यावर फोन कुणाला लावायचा तिथे ती पोचली. ग्लेनचं नाव खाली सरकवलं आणि वर एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, माझं नाव घातलं.

"त्याला दोन प्रांत ओलांडावे लागतात," ती म्हणाली. "तुला तीन घरं."

तिनं घड्याळ मनगटावर चढवलं, पट्टा घट्ट केला. मग माझा चष्मा पुसून माझ्या हातात दिला, पण हात सोडला नाही.

"ऐक, शालन. आजपासून हे रात्रीही हातात राहील. कबूल केलंय तर करायचं. आणि मी गुडघे टेकणार, तेही ठरलेलं. तर हे तुला फोन लावील. मी उत्तर दिलं नाही तर ग्लेनला लगेच कळवू नकोस, आधी तू ये. चावी फुलांच्या कुंडीखाली आहे. मी पडलेली दिसले तर खुशाल आरडाओरडा कर, सगळा गाव गोळा कर. पण गुडघ्यांवर दिसले, तर दारातच थांब. आमेन म्हणेपर्यंत बोलू नकोस. आणि मग मला उठवायला हात दे, एवढंच कर माझ्यासाठी."