लोण्याच्या खोलीतली थंडी

माझ्या नवऱ्याला आभाळातला हिरवा उजेड बघायचा होता आणि मला नवरा धडधाकट हवा होता. पावसाळ्यापासून आमच्या घरात दुसरं भांडणच नव्हतं.

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या यांच्या मंडळींनी नॉर्वेची सहल ठरवली होती. ऐन थंडीत जायचं, रात्री बर्फात उभं राहायचं आणि नशीब असेल तर नॉर्दर्न लाइट्स दिसणार. नशीब नसेल तर ढग. "ढग बघायला एवढ्या लांब कशाला? पन्हाळ्यावर फुकट दिसतात," मी म्हणाले.

"जलमभर भट्टीम्होरं उभा ऱ्हायलोय. एकदा बर्फात उभा ऱ्हातो की," हे म्हणाले. शिरोलीच्या फाउंड्रीत अख्खी नोकरी काढलेल्या माणसाला यावर काय बोलणार? तरी मी बोललेच. गप्प बसणाऱ्यातली मी नाही.

खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी आजऱ्याचं एक लग्न उरकून आम्ही गाडीनं परत येत होतो. हे चालवत होते आणि मी शेजारी बसून तिथल्या आमटीला नावं ठेवत होते. यांच्या छातीत तेव्हा कळा येत होत्या. लग्नघरी घोळ नको म्हणून सकाळपासून सोडा पिऊन दाबून ठेवलेल्या कळा. माझ्या बडबडीला "हं, हं" करत यांनी गाडी घरापर्यंत आणली आणि दारात उतरताना कोसळले. स्टेंट बसला, माणूस वाचला, पण माझा विश्वास उडाला तो उडालाच. नुसत्या थंडीला मी एवढी घाबरत नव्हते. परक्या मुलखात हा माणूस छातीत दुखत असताना, मंडळींचा विरस नको म्हणून हसत उभा राहील, याची मला धास्ती होती.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी "तब्येत छान आहे, पण कडक थंडीचा हृदयावर ताण येतो, जपून" असं दोघांनाही सोयीचं उत्तर दिलं. मग नावं कळवायचा शेवटचा दिवस जवळ आला तशी यांनी शक्कल काढली. यांचा भाचा एका दूध डेअरीत कोल्ड स्टोअरेजवर आहे. तिथली लोणी ठेवायची खोली उणे वीस अंशांची. "तितं उभा ऱ्हाऊन दाखवतो. मग तर झालं?"

भाच्यानं यांना जाड कोट चढवला, कानटोपी घातली. "धा मिन्टं मामा, जास्त न्हाय. मी हाय बरोबर. मामी, तुमी हितंच थांबा." दार लागलं. दाराला तळहाताएवढी काच होती, ती सारखी धुरकट व्हायची आणि मी पदरानं पुसत राहायची. आत खोक्यांच्या थप्प्यांमधून हे ऐटीत चालत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. मी नाही हलवला.

मग दोघंही एका थप्पीआड गेले आणि दिसेनासे झाले. पंख्यांच्या घरघरीत काही ऐकू येईना. मी दारावर थापा मारल्या. खटका कसा उघडतो तेही मला ठाऊक नव्हतं. हसत असतील, मला वाटलं. जीव जात असला तरी हा माणूस हसतच असेल.

वेळ संपायच्या आतच दार उघडलं. हे पुढे, भाचा मागे. मिशीवर पांढरं धरलेलं. हसत नव्हते. बाहेरच्या बाकड्यावर बसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "जड वाटलं गं हितं. आधी न्हाय वाटलं, मागं गेल्यावर वाटलं. म्हणून आलो भायेर."

"आणि आता?"

"कमी हाय." मग फरशीकडे बघत म्हणाले, "मंडळींना सांगतो, न्हाय जमायचं म्हणून."

भाच्यानं आम्हाला थेट राजारामपुरीत नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तपासलं. आज घाबरण्यासारखं काही नाही, पण उद्या ट्रेडमिलवर चालवून बघू, मगच काय ते सांगतो, म्हणाले. हे तिथल्याच पलंगावर पडून छताकडे बघत होते, तोंड एवढंसं झालेलं. यांच्या तोंडून "मला त्रास होतोय" एवढं ऐकायला मी दोन वर्षं कान टवकारून बसले होते. ते आज यांनी आपणहून सांगितलं, तेही स्वतःच्या हौसेवर पाणी सोडून. मला रडू आलं. आणि रागही आला, की आजऱ्याहून येताना एवढं बोलायला काय झालं होतं.

"टेस्ट चांगली आली तर यांना नॉर्वेला नेता येईल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"तर येईल. पण दगदग नको, आणि लक्ष ठेवायला कोणीतरी सोबत पाहिजे."

हे कोपरावर उठले. "अगं, पण तूच तर..."

"दुखलं की असंच सांगणार असाल तर मी येते. ढग असोत नाहीतर काही असो."

"सांगतो," हे म्हणाले.

आणि मी विश्वास ठेवला.