न्हाऊ घालून आणलेला पैलवान

भोर संस्थानात फौजदार होतो तेव्हाची कितीतरी प्रकरणं विसरलो, पण त्या पैलवानाच्या आईनं विचारलेला प्रश्न काही पाठ सोडत नाही.

नीरेकाठच्या एका गावचे पोलीस पाटील सकाळीच वर्दी घेऊन ठाण्यात आले. तालमीतला एक पैलवान दारूच्या नशेत जांभळावर चढला, फांदी मोडून पडला आणि जागीच मेला. मार्गासनीच्या जत्रेत त्याची मोठी कुस्ती ठरली होती. अकस्मात मयताची नोंद करून मी निघालो. पाटलांनी फांदी दाखवली. ती मोडायला कुऱ्हाडीची मदत झाली होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मयताच्या घरी पंचनामा सुरू झाला तशी त्याची आई पुढे आली. धनगरवाड्यावरची विधवा बाई, हा एकुलता मुलगा. ती रडत नव्हती.

"सायेब, माजं पोरगं दारूला शिवलं न्हाई. मेल्यावर त्याला दारुडा करू नका," ती म्हणाली. "आन् ह्या तालीमवाल्यांनी त्याला न्हाऊ घालून आणलाय. झाडावरनं पडलेल्याला कोन न्हाऊ घालतंय? ते काम माजं व्हतं."

मी मयताच्या कानात बोट फिरवलं. बोटाला तांबडी माती लागली, तिला तेलाचा आणि हळदीचा वास होता. तेल, ताक, हळद घालून मळलेली माती तालमीच्या हौद्यातच, कुस्तीच्या खड्ड्यातच असते. जांभळाखालची माती काळी होती.

तालमीतल्या पोरांना एकेक करून विचारलं. सगळ्यांनी एकच हकीकत सांगितली, तीही त्याच शब्दांत. खरं बोलणारे साक्षीदार तपशिलावरून भांडतात. पढवलेले भजनासारखे एका सुरात बोलतात. मी पोरांना सोडलं आणि त्यांना शिकवणाऱ्या वस्तादांना ठाण्यात आणून बसवलं. मयताची आई ठाण्याच्या ओट्यावर बसून होती, ती घरी जायला तयार नव्हती.

वस्ताद दुपारपर्यंत झाडाचीच गोष्ट सांगत राहिले. शेवटी मी म्हणालो, "वस्ताद, दोघं राजीखुशीनं कुस्तीला उतरले आणि एकाची मान मोडली, तर कायदा त्याला खून म्हणत नाही. तुम्ही कशासाठी लपवताय?"

त्यांनी मान वर केली. "खून न्हाई धरत?"

"नाही."

म्हातारा ढसाढसा रडला. त्याच्याशी लढलेलं पोरगं फासावर जाईल, तालमीला कुलूप लागेल, या भीतीनं त्यांनी पाटलांना हाताशी धरून झाडाची गोष्ट रचली होती. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण बांध फुटल्यावर पाणी थांबत नाही.

"डाव चुकला, मानेवर पडला," ते म्हणाले. "जित्ता व्हता सायेब. म्हनला, वस्ताद, पाय कळंनात. म्या म्हनलं, ऊठ. आमच्या तालमीत पैलवान उचलून भाईर जात न्हाई, आपल्या पायानं जातो. ही रीत हाय. पोरांनी काखंत हात घालून हुबा केला. मान लटकली, तसा गेला."

भोरच्या दवाखान्यातले डॉक्टर पुढे म्हणाले, फळीवर निजवून हलवला असता तर कदाचित जगला असता.

वस्तादांना सजा झाली, पाटलांचं वतन गेलं. त्याच्याशी लढलेल्या पैलवानावर खटलाच झाला नाही. निकालात दारूचा शब्द नव्हता, तेवढं त्या माऊलीच्या पदरात पडलं. कायदा आधी ठाऊक असता तर झाडाचं खोटं रचावं लागलं नसतं. पण पोरगं खोट्यानं मेलं नव्हतं, ते रीतीनं मेलं होतं. त्याचा मला आजही संताप येतो.

त्यानंतर माझ्या हद्दीतल्या प्रत्येक तालमीत हौद्याशेजारी एक रुंद फळी ठेवायला लावली. एका वस्तादानं चेष्टा केली, "फौजदारसायेब, तिरडी आधीच आणून ठिवायची व्हय?" मी हसलो नाही. त्या दिवशी ठाण्याच्या ओट्यावरून उठून आई दारात आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती वस्तादांवर ओरडली नाही. तिनं त्यांना जे विचारलं, तेच मी या चेष्टा करणाऱ्या वस्तादाला विचारलं:

"उचलून न्हेला आसता, तर तालीम बाटली आसती का?"