जुंपून दाखवलेला कॅमेरा

फोटो काढण्याआधी भाऊ स्वतःची कॉलर नीट करायचे. समोरच्या माणसाची कॉलर दुमडलेली असली तरी "कॉलर नीट करा" असं ते कधी म्हणाले नाहीत. कॅमेऱ्यामागे उभं राहून आपल्याच मानेवरून हात फिरवायचे. समोरचा ते पाहून आपोआप आपली कॉलर चाचपायचा, आणि तेवढ्यात फोटो निघायचा. समोर बाई असली तर ते स्वतःच्या खांद्यावरचा, नसलेला पदर सारखा करायचे. शेजारच्या दुकानात माझं शिलाई मशीन थांबायचं आणि मी हसायची. ते मला डोळ्यांनीच दटावायचे.

शिरपूरच्या बस स्टँडसमोर आमची दुकानं लागून होती. माझं ब्लाउज शिवायचं, त्यांचं फोटोचं. सगळे त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणायची. सकाळी मळ्यात वांग्यांना पाणी देऊन, कोथिंबीर उपटून दहाच्या सुमाराला ते स्टुडिओ उघडत. हाताला कोथिंबिरीचा, म्हणजे आमच्याकडच्या सांबाराचा, वास असायचा. नव्या नवरीची हनुवटी वर करायची झाली तरी तोच हात.

स्टुडिओतला कोट मीच शिवला होता. त्याला फक्त पुढची बाजू होती, मागे नाड्या. नोकरीच्या अर्जाला फोटो लागायचा आणि कोट कोणाकडे नसायचा. आमच्या भागातले निम्मे मास्तर त्या अर्ध्या कोटावर नोकरीला लागले असं मी म्हणते, आणि त्यात फार खोटं नाही. एकदा एक उमेदवार फोटो झाल्यावर ऐटीत तसाच चहाच्या टपरीवर गेला. भाऊ मागे धावले, "अरे बापू, मांगून उघडा हायेस तू!"

जगाची अशी काळजी करणाऱ्या माणसाच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार होता. वहिनी रोज दुपारी डबा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "माहा एक काढा ना वो."

"शेवटचा तुहाच," भाऊ म्हणायचे.

रोलमध्ये छत्तीस फोटो. पस्तिसावा झाला की हमखास एखादी बस यायची, त्यातून गावच्या मंदिराला आलेले यात्रेकरू उतरायचे आणि वहिनींचा छत्तिसावा घेऊन जायचे. मग भाऊ कॅमेऱ्यावर थाप मारून म्हणायचे, "रोल संपला." तीस वर्षं हेच. लग्नामुंजीच्या घोळक्यात वहिनी कोणाच्या तरी खांद्यामागे अर्ध्या दिसतात. नीट समोरून काढलेला त्यांचा एकही फोटो नव्हता. याचा मला राग यायचा, आणि मी तो बोलूनही दाखवायची.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्याही गावात तेच झालं असणार. मोबाईल आले. भाऊंनी स्टुडिओ बंद केला आणि पूर्णवेळ मळा धरला. कॅमेरा घरातल्या लोखंडी कपाटात गेला. लेकीचं म्हणणं, पडून खराब होतो आहे, विकून टाका. वर्षभर भाऊंचं काही ठरेना. सोमवारी विकायचा, मंगळवारी ठेवायचा. बाजारात भाजी उतरवून माझ्या दुकानात टेकायचे आणि सुस्कारा सोडायचे.

"ठेवला तं बुरशी त्याले खाते. इकला तं थो मले खाते."

"भाऊ, काय थे एकडाव ठरवा. तुमच्यापायी माहे हुक उलटे लागून राह्यले," मी म्हणायची.

लेकीने कॅमेऱ्याचा फोटो विक्रीसाठी मोबाईलवर टाकला. एका हॉटेलवाल्याने भिंतीवर शोभेला टांगायला मागितला, तर भाऊ उखडलेच. "जित्ता बैल भिताडाले टांगाले देऊ काय?"

मग या हिवाळ्यात नागपूरहून एक पोरगी कॅमेरा घ्यायला आली. फोटोग्राफी शिकणारी, स्वतःचा रोल सोबत घेऊन आलेली. सौद्याला साक्षीला भाऊंनी मला बोलावलं होतं. मळ्यातल्या घरासमोर वहिनी वांगी निवडत होत्या. पोरीने कॅमेरा हातात घेतला आणि विचारलं, "काका, चालतो ना?"

आमच्याकडे बैल तोंडच्या शब्दावर विकत नाहीत. गाडीला जुंपून, चार पावलं चालवून दाखवतात. भाऊ म्हणाले, "जुपून पाह्य. पन मी नाई हाकत, तूच हाक. बैल तं चालते. हाकनारनीले येते का, थे पाहू."

पोरीने रोल भरला. "कोणाचा काढू?"

"वहिनीचा!" मीच ओरडले. "पह्यलाच वहिनीचा."

वहिनींनी हात धुतले, पण पुढे येईनात. "एकटी नाई. तुमीबी या."

"मी कायले? मी तं इकडचा मानूस," असं म्हणत भाऊ पोरीच्या मागे जाऊन उभे राहिले.

"कॅमेरा आता तिच्या हातात हाय. तुमी आता कोन्या बाजूचे?"

भाऊ हळूच येऊन वहिनींच्या शेजारी उभे राहिले. हजारो माणसांना उभं करणाऱ्या त्या माणसाला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. पण गप्प राहतील तर ते भाऊ कसले! "ऊन मांगून येऊन राह्यलं, जरा बाजूले सरक. रिंग फिरव. अजून थोडी..." पोरीने बटन दाबलं.

"हा चुकला तं काय करशीन?" भाऊंनी विचारलं.

"परत येईन काका. चांगला येईपर्यंत येईन."

भाऊ आत गेले आणि कॅमेऱ्याची चामड्याची पेटी घेऊन आले. तिथेच त्यांचं ठरलं. किमतीचं बोलणं वहिनींनी उरकलं. देताना मात्र भाऊंनी कॅमेऱ्याचा पट्टा सोडवून खुंटीला अडकवला. पोरीला वाटलं, विसरले. "दावं देत नसते, बाई," भाऊ म्हणाले. बैल विकला तरी त्याच्या गळ्यातलं दावं घरीच ठेवायची आमची रीत. बसला वेळ होता, मी तिला दुकानात नेलं आणि पिशव्यांच्या जाड कापडाचा दुहेरी पट्टा शिवून दिला. ती गळ्यात कॅमेरा अडकवून बसमध्ये चढली.

आता माझ्या शेजारच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्त होतात. स्टुडिओतला भाऊंचा आवाज नाही, दुपार फार लांबते. पण पंधरा दिवसांनी त्या पोरीने टपालाने पाठवलेला फोटो माझ्या दुकानाच्या पत्त्यावर आला, तेव्हा मी शटर ओढून तडक मळ्यात गेले.

फोटोत वहिनी स्वच्छ आल्या होत्या. भाऊंकडे पाहून तोंडभर हसत होत्या, इतक्या देखण्या की मीच पाहत राहिले. भाऊंचा चेहराही ठीक होता. फक्त काहीतरी सांगायला उचललेला त्यांचा हात हालला होता, नुसता पांढरा फराटा.

भाऊंनी फोटो उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला.

"हाललेला फोटो मी गिऱ्हाइकाले देत नसतो," ते म्हणाले.

"मी कधी होती गिऱ्हाईक?" वहिनी म्हणाल्या, आणि फोटो त्यांच्या हातातून काढून घेऊन घरात गेल्या.