दुधाळ पट्टी

दीर त्याच प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर, म्हणून अख्खा कारखाना त्यांना ‘वहिनी’च म्हणायचा, वयानं मोठे मुकादमसुद्धा. वहिनींची जागा तपासणीच्या खोलीत. दोन जातींचं प्लास्टिक वितळवून एकजीव केलं, की त्याची पातळ पट्टी वहिनी उजेडासमोर धरत. आरपार दिसलं तर माल पास. बावीस वर्षांत त्यांनी भिडेखातर एकही पट्टी पास केली नव्हती. अशा बाईचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

त्या आठवड्यात लागोपाठ मालाचे तीन घाणे दुधाळ निघाले, पट्टीतून आरपार दिसेना. साहेबांनी खापर दिरावर फोडलं. “मशीन धुतलं नाहीस, आधीच्या मालाची घाण आली. उद्यापासून येऊ नकोस.” दिराच्या पायाखालची जमीनच सरकली. घरी दोन लहान पोरी.

वहिनींनी पट्टी उचलली. “थांबा साहेब. घाण असेल तर ती पुन्हा तापवूनही आतच राहील ना?” पट्टी त्यांनी छोट्या भट्टीत ठेवली, मशीनपेक्षा बऱ्याच कमी आचेवर. जेवणाच्या सुट्टीत डबाही उघडला नाही. चार वाजता पट्टी बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवली, तर खालची बारीक अक्षरं लख्ख वाचता येत होती! साहेबांनी तोंडात बोटं घातली.

“या दोन प्लास्टिकांची जोडी उलट्या खोपडीची,” वहिनी म्हणाल्या. “जास्त तापवलं तर मिसळायचं सोडून वेगळी होते. आच उतरवून वेळ दिला, की पुन्हा एकत्र.”

“म्हणजे आच कुणीतरी वाढवली. कुणी?”

वहिनींना सकाळपासून ठाऊक होतं. दीर त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. कुठलंही काम अडलं की आच वाढवायची, हा त्याचा जन्माचा स्वभाव. पण मशीन दोन पाळ्यांत चालायचं. गप्प बसलं, तर संशय दुसऱ्या पाळीतल्या माणसावरही गेला असता.

“माझ्या दिरानं,” त्या म्हणाल्या. “चांगलं मिसळावं म्हणून. मशीन मात्र तो रोज धुतो, मी बघते.”

साहेबांनी पट्टी उचलून पुन्हा उजेडासमोर धरली. “चुकला, पण कामचुकार नाही. राहू दे त्याला.”

नोकरी वाचली, पण दिरानं अबोला धरला. घरात दोन दिवस शब्द नाही. तिसऱ्या दिवशी तो तपासणीच्या दारात येऊन उभा राहिला.

“वहिनी, आच अजून दोन अंश उतरवू का?”

वहिनींना इतका आनंद झाला, की हातातली पट्टी ठेवून त्या दारापाशी आल्या.

“दोनानं काय होतंय? पाच उतरव.”